जासूदजोडी : डोंगरातल्या लांब धावेत सोबत कशासाठी?

पेशवाईतला पत्रव्यवहार चाळताना एक शब्द भेटतो : ‘जासूदजोडी’. कधी तो ‘कासीदजोडी’ असतो. महत्त्वाचा कागद पोहोचवायचा असला की निरोप्यांची जोडी रवाना व्हायची. इंग्रजांच्या वखारींच्या कागदपत्रांतही कासिदांची जोडी पाठवल्याचे उल्लेख आहेत. तेव्हा ही कुणा एका दरबाराची लहर नव्हती. पायी धावणाऱ्यांच्या धंद्याची ती रीतच होती.

हिशेबाने पाहिले तर हा व्यवहार आतबट्ट्याचा वाटतो. कागद एक, त्याचे वजन नगण्य. मग मजुरी दोघांची आणि शिधाही दोघांचा कशासाठी? एक आजारी पडला तर दुसरा पुढे जाईल, हे पहिले सुचणारे उत्तर. पण केवळ तेवढ्यासाठी दोन नकला दोन वाटांनी पाठवता येतात, आणि तशीही पद्धत होतीच. दोन माणसे एकाच वाटेने, एकाच वेळी धाडण्यात त्याहून अधिक काही असले पाहिजे. ते काय असावे, याचा शोध घ्यायला आज एक नवे साधन हाताशी आले आहे. गेल्या पन्नासेक वर्षांत जगभर, आणि अलीकडे आपल्या सह्याद्रीतही, डोंगरवाटांवरून तासन्‌तास धावण्याचा छंद रुजला. शरीरशास्त्रज्ञांनी या धावणाऱ्यांना तपासले, स्पर्धांच्या आयोजकांनी सोबतीविषयी नियम केले. या सगळ्यातून जे हाती येते त्यावरून असे दिसते, की लांब धावेत सोबती हा मनोरंजनाचा भाग नाही. धावणाऱ्याला स्वतःला जे मोजता येत नाही ते मोजणारे ते एक साधन आहे.

किलोमीटर फसवे असतात

रस्त्यावरची मॅरेथॉन आणि डोंगरातली धाव यांत नावापुरतेच साम्य. ‘ट्रेल रन’ म्हणजे पायवाटेवरून, खिंडीतून, माचीवरून, ओढ्याच्या पात्रातून धावणे. सिंहगड, राजगड, तोरणा ही ट्रेकर मंडळींची जुनी वाट आता धावणाऱ्यांचीही झाली आहे. राजगडाच्या संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने उतरायचे आणि डोंगरसोंडेवरून तोरण्याच्या बुधला माचीकडे निघायचे, हा टप्पा नकाशावर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात तो घामटे काढतो.

किती वेळ लागेल याचा अंदाज बांधायला विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली एक सोपा नियम दिला. सपाटीच्या दर तीन मैलांना एक तास आणि चढाच्या दर दोन हजार फुटांना आणखी एक तास. आपल्या भाषेत सुमारे पाच किलोमीटरला एक तास आणि सहाशे मीटर चढाईला आणखी एक. आतकरवाडीतून सिंहगड चढला की हे सहाशे मीटर जवळजवळ पुरे होतात. पंचवीस किलोमीटरच्या वाटेत एकूण दीड हजार मीटर चढ असेल तर चालणाऱ्याला साडेसात तास लागतात. सरावलेला धावणारा यातले काही तास वाचवतो, पण पंचवीस किलोमीटर म्हणजे अडीच तास हे रस्त्यावरचे गणित तो विसरलेलाच बरा.

इटालियन शरीरशास्त्रज्ञ अल्बेर्तो मिनेत्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तीव्र चढ-उतारांवर धावण्याचा ऊर्जाखर्च मोजून प्रसिद्ध केला. शंभर मीटरला पंचेचाळीस मीटर चढणाऱ्या उतरणीवर तोच खर्च सपाटीच्या पाचपटीहून अधिक होतो. उलट बेताच्या उतारावर तो सपाटीपेक्षा कमी असतो. पण उतार फुकट मिळत नाही. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच आकुंचन पावून शरीराला ब्रेक लावत असतात. या उलट्या कामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते आणि दुसऱ्या दिवशी जिना उतरताना ती जाणवते. त्यात आपल्याकडचा घसारा. मुरमाड उतारावर पाय कुठे थांबेल हे पाय टेकल्यावरच कळते.

रस्त्यावरच्या शर्यतीत सोबत्याचा एक भौतिक फायदा असतो. तो वारा अडवतो. १९५३ च्या एव्हरेस्ट मोहिमेचे शरीरशास्त्रज्ञ ग्रिफिथ प्यू यांनी १९७१ मध्ये दाखवून दिले, की सेकंदाला सहा मीटर वेगाने धावणारा माणूस दुसऱ्याच्या मागे मीटरभर अंतरावर राहिला तर त्याचा ऑक्सिजनचा खर्च सुमारे साडेसहा टक्क्यांनी घटतो. पण तो वेग ताशी एकवीस किलोमीटरहून जास्त आहे. डोंगरात ताशी सात किलोमीटर म्हणजे उत्तम. हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून एवढ्या कमी वेगाला तो दहाव्या हिश्श्यावर येतो. थोडक्यात, डोंगरात सोबती वारा अडवण्यासाठी नसतो. त्याचे काम दुसरेच आहे.

गप्पा हे मापक

पहिले काम अगदी साधे : बोलणे.

आपल्या शरीरात इंधनाचे दोन साठे असतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, जेमतेम पाचशे ग्रॅमच्या आसपास असते. त्यातून दोन हजार किलोकॅलरी मिळतात. पासष्ट किलो वजनाच्या माणसाला सपाटीवर एक किलोमीटर धावायला ढोबळमानाने पासष्ट किलोकॅलरी लागतात. म्हणजे केवळ साखरेवर धावला तर तिसाव्या किलोमीटरच्या सुमारास कोठार रिकामे. डोंगरात ते त्याहून बरेच आधी. दुसरा साठा चरबीचा. तो सडपातळ माणसातही कित्येक दिवस पुरेल एवढा असतो. मात्र चरबी सावकाश जळते. वेग वाढवला की शरीर साखरेकडे वळते. लांब धावेचे सारे कसब साखर जपून वापरण्यात आणि वरून थोडी थोडी घालत राहण्यात आहे. ताशी तीस ते साठ ग्रॅम कर्बोदके, हा बहुतेकांना पोटात टिकणारा खुराक. खजूर, गूळ-शेंगदाणे, राजगिऱ्याची वडी, केळे, काहीही चालते. पण भूक लागण्याच्या आधी खावे लागते.

साखरेकडे झुकण्याची ही सीमा ओळखायची कशी? प्रयोगशाळेत तोंडाला मुखवटा बांधून श्वासातले वायू मोजतात. डोंगरात तेच काम गप्पा करतात. धावता धावता पूर्ण वाक्य आरामात बोलता येत असेल तर आपण सीमेच्या आत आहोत. वाक्य मध्येच तोडून श्वास घ्यावा लागला की सीमा आली. एकेक शब्दावर आलो की ती ओलांडली. व्यायामशास्त्रात याला ‘टॉक टेस्ट’ म्हणतात, आणि श्वसनाच्या मोजमापांशी ती चांगली जुळते असे आढळले आहे. मनगटावरचे घड्याळ हृदयाचे ठोके सांगते, पण ते ठोके उकाड्याने, झोपेच्या अभावाने, चहाने, भीतीने वाढतात. बोलणे इतके सहज फसत नाही. आणि एकट्याने स्वतःशी बोलत धावणारे विरळाच.

समूहात लयीने केलेल्या श्रमाचा आणखी एक गुण नोंदला गेला आहे. ऑक्सफर्डमधील संशोधकांनी २०१० मध्ये विद्यापीठाच्या नौकावल्हव्यांवर एक छोटा प्रयोग केला. तेच वल्हवण्याचे श्रम एकट्याने केल्यानंतर आणि संघाने एका लयीत केल्यानंतर त्यांची वेदना सोसण्याची क्षमता मोजली. एकत्र वल्हवल्यावर ती अधिक भरली. शरीरातील एन्डॉर्फिन या वेदनाशामक द्रव्यांचा स्रवणवेग अशा वेळी वाढत असावा, असा त्यांचा कयास. मूठभर खेळाडूंवरचा हा प्रयोग, त्यावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत. तरी टाळ-मृदंगाच्या ठेक्यावर आळंदीहून पंढरपूरपर्यंत पावले टाकणाऱ्या दिंडीला हे ऐकून नवल वाटणार नाही.

आरसा

दुसरे काम गंभीर आहे. येथे जिवाचा प्रश्न येतो.

लांब धावेत माणसाला जे काही मोठे अपाय होतात त्यांतले बरेचसे आधी मेंदूवर येतात. उष्माघातात शरीराच्या आतले तापमान चाळीस अंशांच्या वर जाते, आणि त्याची खूण म्हणजे वागण्यातला बदल : चिडचिड, असंबद्ध बोलणे, झोकांड्या. घाम थांबलेला असेलच असे नाही. घामाने चिंब झालेल्या धावणाऱ्यालाही उष्माघात होतो. पुढचा अर्धा तास निर्णायक असतो. सावली, पाणी, वारा, जे मिळेल त्याने आधी अंग थंड करायचे आणि मग हलवायचे. गारठ्यातही तेच. ओल्या कपड्यांत वाऱ्यावर थांबलेल्या माणसाचे तापमान घसरू लागले की त्याची बोटे बधिर होतात, जीभ जड होते आणि काही वेळाने त्याला थंडी वाजेनाशी होते. त्याला वाटते, आता बरे आहे.

तिसरा प्रकार कमी माहितीचा. तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्याने रक्तातला सोडियम पातळ होतो. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले तेव्हा त्यांतल्या १३ टक्क्यांचा सोडियम धोक्याच्या रेषेखाली होता. मळमळ, डोकेदुखी, गोंधळ ही त्याची लक्षणे. निर्जलीकरणाची लक्षणेही वरवर अशीच, त्यामुळे रुग्णाला आणखी पाणी पाजले जाते आणि तेच घातक ठरते. बराच वेळ सोबत धावणाऱ्याला मात्र ठाऊक असते, की याने दोन तासांत किती बाटल्या रिचवल्या.

या तिन्हींत एक गोष्ट समान आहे. ज्या इंद्रियाने संकट ओळखायचे तेच इंद्रिय आधी निकामी होते. बिघडलेला तराजू स्वतःचा बिघाड तोलू शकत नाही. म्हणून दुसरा तराजू जवळ असावा लागतो. तोही असा, की ज्याला आपले नेहमीचे बोलणे, चालणे, विनोद माहीत आहेत. अनोळखी डॉक्टरला ‘हा माणूस थोडा तुसडा दिसतो’ असे वाटेल. मित्राला कळते, की हा कधीच असा नसतो.

२२ मे २०२१ रोजी चीनच्या कान्सू प्रांतात शंभर किलोमीटरच्या डोंगरी शर्यतीत अचानक गारा, पाऊस आणि बोचरा वारा सुटला. १७२ स्पर्धकांपैकी २१ जण गारठून मेले. अनेकांच्या अंगावर फक्त पातळ सदरा आणि अर्धी चड्डी होती. त्याच डोंगरात एका मेंढपाळाने सहा जणांना वाचवले. गुहेत नेले, जाळ केला, पांघरुणे दिली. त्या दिवशी महागडी साधने कामी आली नाहीत, दुसऱ्या माणसाचे लक्ष कामी आले.

नसलेला सोबती

माणसाला सोबत नसली तर त्याचा मेंदू ती तयार करतो, याचे दाखले फार जुने आहेत. मॅरेथॉनच्या लढाईआधी, इसवी सनपूर्व ४९० मध्ये, अथेन्सने फिलिप्पिदीस नावाच्या निरोप्याला मदत मागायला स्पार्टाला धाडले. हे अंतर सुमारे २४० किलोमीटर. तो दुसऱ्या दिवशी पोहोचला असे हिरोडोटस सांगतो. मॅरेथॉनहून अथेन्सला धावत येऊन प्राण सोडल्याची प्रसिद्ध कथा हिरोडोटसमध्ये नाही, ती बरीच नंतरची. त्याच्या ग्रंथात आहे ती वेगळीच हकिकत : तेगेआच्या वरच्या डोंगरात एकट्या धावणाऱ्या या माणसाला पॅन हा देव भेटला आणि त्याने त्याला नावाने हाक मारली. श्रद्धावंतांनी याला साक्षात्कार म्हणावे. रात्रभर न झोपता धावणाऱ्या आजच्या स्पर्धकांना झाडामागे माणसे दिसतात, ओळखीचे आवाज ऐकू येतात, हेही तितकेच खरे.

१९१६ मध्ये अर्नेस्ट शॅकल्टन दोन सोबत्यांसह दक्षिण जॉर्जिया बेटाचे डोंगर सलग छत्तीस तासांत ओलांडून गेला, आणि आपण तिघे नसून चौघे आहोत असे वाटत राहिल्याचे त्याने लिहून ठेवले. टी. एस. एलियटच्या ‘द वेस्ट लँड’मधल्या अज्ञात सहचराचा उगम अशा मोहिमेच्या हकिकतीत आहे, हे साहित्याच्या वाचकाला ठाऊक असेल. १९३३ मध्ये एव्हरेस्टवर जोडीदार मागे फिरल्यावर फ्रँक स्माइथ एकटाच वर चढत राहिला. खाण्यासाठी थांबला तेव्हा त्याने मिंट केकचा तुकडा मोडला आणि अर्धा द्यायला शेजारी वळला. शेजारी कुणीही नव्हते.

नियमांतली सोबत

१३ जून १९३२ रोजी इंग्लंडमधील केझिक गावचा बॉब ग्रॅहम बेचाळीस शिखरे चोवीस तासांच्या आत फिरून आला. सुमारे १०६ किलोमीटर आणि सव्वाआठ हजार मीटर चढ. वाटेतल्या टप्प्यांवर त्याच्यासोबत मित्र होते. आज ही फेरी करणाऱ्याला ‘बॉब ग्रॅहम क्लब’चे सभासद व्हायचे असेल तर प्रत्येक शिखरावर कुणीतरी साक्षीला हवे असते. येथे सोबती साक्षीदार आहे. १९६८ साली ब्रिटनमध्येच सुरू झालेल्या ‘करीमोर’ माउंटन मॅरेथॉनने आणखी पुढचे पाऊल टाकले. दोन दिवसांच्या या शर्यतीत तंबू, शिधा पाठीवर घेऊन दोघांच्या जोडीनेच उतरायचे.

अमेरिकेत १९७४ साली गॉर्डी एन्सले कॅलिफोर्नियातली शंभर मैलांची घोड्यांची शर्यत घोड्याशिवाय पायी धावला आणि २३ तास ४२ मिनिटांत पोहोचला. त्यातून पुढे ‘वेस्टर्न स्टेट्स’ ही शर्यत उभी राहिली. तिथे शंभरेक किलोमीटरनंतर धावणाऱ्याला सोबती घेता येतो. त्याला ‘पेसर’ म्हणतात. तो बोलू शकतो, वाट दाखवू शकतो, पण ओझे उचलू शकत नाही आणि ओढू किंवा ढकलू शकत नाही. २००६ मध्ये ब्रायन मॉरिसन पहिल्या क्रमांकावर अंतिम मैदानात शिरला आणि रेषेपासून तीनेकशे यार्डांवर कोसळला. सोबत्यांनी हात देऊन त्याला उभे केले, रेषेपलीकडे नेले. नियमानुसार तो बाद ठरला. कोलोरॅडोतील खाणींच्या गावातली लेडव्हिल शर्यत मात्र सोबत्याला धावणाऱ्याचे ओझे वाहू देते, खाणीतल्या खेचरांची आठवण म्हणून. युरोपात मों ब्लाँला वळसा घालणाऱ्या शर्यतीत सोबत धावणाऱ्याला मुळीच परवानगी नाही. तिन्ही नियमांमागे एकच ओळख आहे : सोबती ही खरी शक्ती आहे. कुणी ती मर्यादेत ठेवतो, कुणी मोकळी सोडतो, कुणी पराक्रम शुद्ध राहावा म्हणून बाहेर ठेवतो.

सोबतीचा धोका

सोबत नेहमी तारतेच असेही नाही. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ मध्ये सायकल शर्यतींच्या नोंदी तपासून दाखवले, की माणूस इतरांच्या संगतीत एकट्यापेक्षा वेगाने जातो. तासाभराच्या शर्यतीत हे वरदान आहे. आठ तासांच्या धावेत पहिल्या तासाला हाच गुण साखरेचे कोठार उधळतो. दोघेही मनातून दमलेले, पण आधी थांबायचे कुणी, या संकोचात दोघेही धावत राहतात. एकटा जीव सदाशिव असता तर केव्हाच बसला असता.

म्हणून जुन्या जोड्यांचे काही ठराव असतात. ते बहुधा न बोलता ठरतात. बोलून ठरवणे जास्त शहाणपणाचे. वेग मंद माणसाचा. चढाला तोच पुढे. घसाऱ्यावर दोघांत चार-पाच पावलांचे अंतर, आणि पायाखालून दगड सुटला की ‘दगड!’ अशी आरोळी. दर अर्ध्या तासाला एकाने म्हणायचे ‘खा’, आणि दुसऱ्याने वाद न घालता खायचे. सह्याद्रीत वाट फुटते तिथे दोघांनी थांबायचे. कारवीच्या रानात ढोरवाटा खऱ्या वाटेहून ठळक दिसतात आणि एकाच्या नजरेला पडलेली भूल दुसऱ्याच्या नजरेला दिसू शकते. कड्यावर आग्या मोहोळ असेल तर आवाज बंद. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे फुटायचे नाही. ‘तू हो पुढे, मी येतोच’ हे वाक्य डोंगरात फार महागात पडते. ते उच्चारल्या क्षणी जोडी संपते आणि दोन एकटी माणसे उरतात, त्यांतले एक दमलेले.

परतीची वेळही घरून निघतानाच ठरवायची. अकरापर्यंत माचीवर पोहोचलो नाही तर फिरायचे, अशी. उन्हात, थकव्यात, समोर बुरूज दिसत असताना ही वेळ पाळणे एकट्याला जड जाते. जिद्द आणि हट्ट यांच्यातली सीमा तेव्हा धूसर झालेली असते. ‘पुरे, फिरू या’ हे म्हणायला दुसरा माणूस लागतो. म्हटल्यावर राग न धरता ऐकणाराही लागतो. हा विश्वास एका धावेत जमत नाही. अनेक छोट्या धावांत, एकमेकांच्या दमण्याच्या खोडी ओळखत तो जमतो.

‘सोबत’ हा शब्द आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, मूळ ‘सोहबत’. जासूद आणि कासीद हे शब्दही त्याच वाटेने आले. जोडी पाठवणाऱ्या कारभाऱ्यांना ग्लायकोजेन माहीत नव्हते, सोडियमही नाही. पण धावणाऱ्या माणसाला आपण किती धावू शकतो हे नीट कळत नाही, एवढे त्यांनी अनुभवाने ओळखले असावे. दुसरी मजुरी बहुधा त्यासाठीच दिली जात असे.